हिंमत शिकावी लागते

व्यापारी बंधूंनो, दुकानात, गोदामात किंवा पेढीवर नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य नेहमी ऐकू येते : "आपल्या हातात काय आहे, शेठ?" माप कमी भरले जाते, हे त्याला दिसते. खोटे बिल फाडले जाते, हे दिसते. हमालाची मजुरी कापली जाते, हेही दिसते. तरी तो मान खाली घालून काम करीत राहतो. आपण त्याला भित्रा म्हणतो, नाहीतर बेइमान म्हणतो. आमच्या अनुभवाने सांगतो की बहुतेक वेळा तो यांपैकी एकही नसतो. बोलून काही होत नाही, हे त्याला अनुभवाने पटलेले असते. ही लाचारी कशी येते आणि कशी जाते, याचा विचार आज आपण पुण्याच्या मार्केट यार्डाच्या उदाहरणावरून करू.

पडून राहिलेले कुत्रे

१९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक कठोर प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याजवळची पट्टी दाबली की झटका बंद होत असे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके दिले, मात्र त्यांनी काहीही केले तरी झटका थांबत नसे. पुढे दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातील कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे उडी न मारता जागच्या जागी पडून राहिले. सुटकेची वाट समोर होती, परंतु ती शोधण्याचा प्रयत्नच त्यांनी सोडला होता. या अवस्थेला संशोधकांनी 'शिकलेली लाचारी' अशा अर्थाचे नाव दिले.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की या कुत्र्यांना बोलावून, आमिष दाखवून काही उपयोग झाला नाही. गळ्यात दोरी बांधून त्यांना पुन्हा पुन्हा भिंतीपलीकडे ओढून नेले, तेव्हा कुठे ते स्वतः उडी मारू लागले. दुसरी गोष्ट अलीकडची आहे. सुमारे ५० वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपले मत बदलले. त्रास लांबला की निपचित पडून राहणे हा शरीराचा मूळ स्वभावच आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे, की 'मी केल्याने फरक पडतो'.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा मुद्दा आहे. उपदेशाने हिंमत येत नाही. आपण हात हलविला आणि त्याचे फळ दिसले, असे काही वेळा घडावे लागते.

गुलटेकडीचा धडा

आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल भवन उभे आहे. भुसार बाजार पूर्वी नाना पेठ आणि भवानी पेठ या भागात होता. त्या काळी हमाल क्विंटलभर वजनाचे पोते पाठीवर वाहत असे. हमाली किती द्यायची, हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर होते. पाठ गेली, गुडघे गेले, तर घरी बसायचे. 'आपल्या नशिबात हेच' ही समजूत बापाकडून मुलाकडे येत होती. नाना पेठेत दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव यांच्याकडे हे हमाल औषधाला येत. दुखणे पाठीचे होते, पण त्याचे मूळ ओझ्यात आणि मजुरीत होते. त्यांच्या पुढाकाराने १९५५च्या सुमारास पुण्यात हमाल पंचायत स्थापन झाली.

पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या कायद्याची रचना व्यापाऱ्यांनीही नीट समजून घेण्यासारखी आहे. कामगाराची मंडळाकडे नोंद होते आणि मालकाचीही होते. मालक मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. त्यातून कामगाराला मजुरी मिळते, शिवाय भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार वगैरेंची सोय होते. म्हणजे काल ज्याच्या कामाचा हिशेब कुणाच्या तोंडावर होता, त्याच्या कामाला कागद मिळाला. १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. तिथे कष्टकऱ्याला स्वस्त आणि पोटभर जेवण मिळते, परंतु ते फुकट नसते. तो स्वतःच्या पैशाने, इज्जतीने जेवतो.

ओझ्याचा प्रश्न तर जगभरचा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. आपल्याकडे त्यानंतरही अनेक वर्षे १०० किलोचे पोते पाठीवर येत राहिले. नियम कागदावर असणे वेगळे आणि 'हे पोते मी उचलणार नाही' असे म्हणण्याची ताकद असणे वेगळे. ती ताकद हमालांना एकेकट्याने मिळाली नाही. टोळीने मिळाली, नोंदीने मिळाली आणि लहान लहान मागण्या पदरात पडत गेल्याने मिळाली.

आमची गोष्ट

आता थोडे स्वतःविषयी. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका कापड व्यापाऱ्याकडे मुनीम होतो. उर्दू शाळेतून नुकतेच बाहेर पडलेलो, मराठी लिहिताना हात अडखळायचा. मार्केट यार्डाजवळच्या एका गोदामात कापडाच्या गाठी उतरत, त्या मोजून वहीत लिहिणे आमचे काम. टोळी बाहेरची होती, बोर्डात नोंद नसलेली. ४० गाठी उतरल्या तर हमालीच्या वहीत ३६ लिहायच्या, असा तिथला दस्तूर होता. पहिल्या महिन्यात आम्ही तीनदा शेठजींना सांगितले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझे काम लिहायचे. मोजायचे नाही." घरी वडील आजारी होते आणि पगाराची गरज होती. आम्ही मोजणे सोडले. कबूल करायला शरम वाटते, पण ३६ हा आकडा पुढे वर्षभर आम्हीच आमच्या हाताने लिहिला.

पुढे एके दिवशी ट्रकमधून दोन गाठी कमी आल्या. बिल्टीवर कमतरतेचा शेरा मारून मगच सही करायची असते. आम्ही शेरा न मारता सही केली, कारण मोजायचे नाही हे आम्ही पक्के शिकलो होतो. नुकसान शेठजींचे झाले आणि ते आमच्या पगारातून कापले गेले.

त्या संध्याकाळी टोळीचे वयस्कर मुकादम आमच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरा, आमच्यासाठी शेठशी भांडू नकोस. उद्या एक खडू आण. गाठ उतरली की तिच्यावर आकडा घाल आणि मोठ्याने म्हण. आम्ही मागून म्हणू." दुसऱ्या दिवशी आम्ही तसे केले. एक, दोन, तीन... शेवटचा आकडा ट्रकचा ड्रायव्हर, टोळी आणि ऑफिसात बसलेले शेठजी, सर्वांनी ऐकला. गाठीवर ४० लिहिलेले असताना वहीत ३६ कसे लिहिणार? शेठजींनी आमच्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. त्यांनाही त्यात फायदा दिसला असावा, कारण त्यानंतर बिल्टीत गोंधळ झाला नाही. त्या दिवशी हमालांना पूर्ण मजुरी मिळाली आणि आमचा हात पुन्हा आमचा झाला.

एक सोबती पुरतो

मुकादमांचे "आम्ही मागून म्हणू" हे शब्द फार महत्त्वाचे होते. १९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने माणसांवर केलेले प्रयोग हेच सांगतात. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, एवढाच सोपा प्रश्न होता. परंतु आजूबाजूचे सर्वजण ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा सुमारे एकतृतीयांश वेळा बिचारा एकटा माणूसही चुकीचेच उत्तर देई. त्या घोळक्यात खरे बोलणारा एकच सोबती मिळाला की ही चूक जवळपास एकचतुर्थांशावर येई. खरे बोलणाऱ्याला जमाव लागत नाही, एक जोडीदार लागतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी

१. जे दिसले ते आपल्या हस्ताक्षरात टिपून ठेवा : तारीख, नग, वजन. मत लिहू नका, आकडा लिहा.

२. एक सोबती शोधा. तो वरच्या हुद्द्याचा असलाच पाहिजे असे नाही.

३. प्रथम संबंधित माणसाला एकांतात विचारा. आरोप न करता प्रश्न करा : "शेठ, या दोन आकड्यांत फरक का येतो?"

४. सर्वांत लहान गोष्टीपासून सुरुवात करा. जमले तर टिपून ठेवा. पुढच्या वेळी मनाला तोच पुरावा लागतो.

५. धोका खरा असेल तर तो ओळखा. गप्प राहणारा प्रत्येकजण लाचार नसतो. कर्ज आणि मुलाबाळांचे पोट पाहून वेळ निवडणे हे शहाणपण आहे. मात्र वेळ निवडणे आणि विषय कायमचा सोडून देणे, यांतला फरक स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावा.

मालकांसाठी

बंधूंनो, आपल्या दुकानातील लाचारी बहुतेक वेळा आपणच शिकवितो. नोकराने वाईट बातमी आणली आणि आपण त्याच्यावर ओरडलो, तर पुढची वाईट बातमी तो आणणार नाही. माल भिजला, गिऱ्हाईक फसले, हिशेब चुकला, हे आपल्याला सर्वांत शेवटी कळेल. म्हणून नोकराने काही सांगितले तर आठवड्याच्या आत त्याला उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. 'तू सांगितलेस म्हणून हे बदलले', एवढे वाक्य चार लोकांसमोर म्हणावे. त्याला खर्च येत नाही.

आज आमच्या स्वतःच्या दुकानात माल उतरतो तेव्हा खडू मुनीमाच्या हातात असतो. दोन वर्षांपूर्वी एका नव्या मुलाने आमच्याच तोंडावर सांगितले, "चाचा, तुमचा आकडा चुकला, एक गाठ जास्त आली आहे." ती गाठ दुसऱ्या व्यापाऱ्याची होती, परत पाठविली. क्षणभर आम्हालाही राग आला होता. मग त्या संध्याकाळी आमच्या शेजारी येऊन बसलेले मुकादम आठवले, आणि आम्ही त्याला पुन्हा एकदा सर्व गाठी मोजायला सांगितले, मोठ्याने.