मुलांच्या सांभाळाचा खर्च आणि अमेरिकेतील करसवलत

आपल्यापैकी काहींचे भाऊ, मुलगे, जावई अमेरिकेत दुकान किंवा छोटा कारखाना चालवतात. आजचा धडा त्यांच्यासाठी आहे. पत्रातून वा फोनवरून त्यांना जरूर कळवावा.

नवरा-बायको दोघेही कामावर जातात म्हणून १३ वर्षांखालील मूल पाळणाघरात ठेवावे लागले, तर त्या खर्चापोटी तेथे आयकरात सूट मिळते. ही सूट उत्पन्नातून नव्हे, थेट भरावयाच्या करातून वजा होते. एका मुलासाठी वर्षाला ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो. २०२६ पासून उत्पन्नानुसार त्याच्या २० ते ५० टक्के सूट आहे. एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या, ८०,००० डॉलर उत्पन्नाच्या दांपत्याला ३५ टक्के, म्हणजे ६,००० वर २,१०० डॉलर मिळतात. २०२५ साठी हीच रक्कम १,२०० होती. मात्र कर शून्य झाला की उरलेली रक्कम रोख मिळत नाही.

आपले लोक चुकतात ते येथे. समजा, दुकान नवऱ्याच्या नावावर आहे. बायको दिवसभर गल्ल्यावर बसते, पण घरचेच काम म्हणून वहीत तिचे नाव नाही. कायद्याच्या दृष्टीने तिची कमाई शून्य. दोघांपैकी ज्याची कमाई कमी, तिच्यापेक्षा जास्त खर्च धरता येत नाही. म्हणून सूटही शून्य! (पूर्णवेळ शिकणारा किंवा अपंग जोडीदार यास अपवाद आहे.)

उपाय सरळ आहे. तिला कामाचा रास्त पगार द्यावा व तो वहीत लिहावा. किंवा दोघे मिळून धंदा सांभाळत असतील तर नफा वाटून दोन स्वतंत्र परिशिष्टे भरावीत. त्यामुळे सामाजिक सुरक्षेच्या खात्यात तिच्या नावे नोंदही होते. केवळ कागदावरचा पगार मात्र दाखवू नये.

अर्ज क्रमांक २४४१ मध्ये सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता व करक्रमांक लागतो. नानीला पैसे दिले तरी चालतात, पण ती तुमच्यावर अवलंबून दाखवलेली नसावी आणि ते पैसे तिच्या उत्पन्नात यावेत. शाळेची फी आणि रात्रीच्या मुक्कामाची शिबिरे यात बसत नाहीत.

पावत्या जपा, आणि घरातल्या बाईच्या श्रमाची वहीत नोंद करा.