गाडलेल्या कॅसेटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यू मेक्सिको नावाचे एक राज्य आहे. त्याचा बराचसा भाग रुक्ष आणि वाळवंटी आहे. तेथे अलामोगोर्डो हे एक लहानसे गाव वसले आहे. गावाजवळ शुभ्र वाळूच्या टेकड्या मैलोगणती पसरलेल्या असून त्या पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे जी गर्दी लोटली, ती टेकड्या पाहण्यासाठी नव्हे. ती जमली होती गावच्या जुन्या उकिरड्यावर! त्या दिवशी धुळीचे वादळ सुटले होते. डोळ्यांत वाळू जात होती. तरीही शेकडो माणसे उभी राहून एका भल्यामोठ्या खोदयंत्राकडे टक लावून पाहत होती. यंत्र कचऱ्याचे थरांमागून थर उपसत होते.

ज्या वस्तूचा हा शोध चालला होता, ती सोन्याची नव्हती, की कोणा राजाच्या खजिन्यातली नव्हती. ती होती मुलांच्या खेळातली एक प्लॅस्टिकची डबी. तिला कार्ट्रिज असे म्हणतात. महाराष्ट्रात १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शन संचाला जोडावयाची खेळयंत्रे घरोघरी दिसू लागली, तेव्हा मुले या डबीला ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यात फीत मुळीच नसते. पण नाव एकदा रूढ झाले ते झालेच. डबीच्या आत एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर चिप बसवलेली असते. खेळाच्या सर्व सूचना त्या चिपमध्ये कायमच्या साठवलेल्या असतात. कॅसेट यंत्राच्या खाचेत बसवली, की खेळ पडद्यावर उमटतो. आरंभीच्या यंत्रांत ही सोय नव्हती. जे चार-दोन खेळ आत असतील, तेवढेच खेळावयाचे; ते खेळून मूल कंटाळले, म्हणजे यंत्र अडगळीत जाई. १९७६ मध्ये जेरी लॉसन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली फेअरचाइल्ड कंपनीने कॅसेट बदलून नवनवे खेळ खेळता येतील असे यंत्र बाजारात आणले. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचे यंत्र आले आणि बघता बघता ते अमेरिकेतील लाखो घरांत जाऊन पोहोचले.

१९८२ च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट अतिशय गाजला. परग्रहावरून आलेला आणि पृथ्वीवर एकटा राहिलेला एक जीव, व त्याला सांभाळणारी मुले, अशी त्याची कथा. या कथेवर खेळ काढण्याचा हक्क अटारीने मिळवला. पण वाटाघाटींत बराच काळ गेला होता आणि खेळ तर नाताळच्या आधी दुकानांत पोहोचावयास हवा होता. असा एक खेळ तयार करण्यास त्या काळी कित्येक महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणाच्या हाती केवळ पाच आठवडे आले. त्याचा ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ त्याच वर्षी लोकप्रिय झाला होता, त्यामुळे काम त्याच्याकडे आले. त्यानेही ते अंगावर घेतले आणि खरोखरच मुदतीत पुरे केले.

खेळ पुरा झाला. पण तो मुलांना रुचला नाही. खेळातला ई. टी. चालता चालता वरचेवर खड्ड्यात पडे. त्याला बाहेर काढावे, तर तो पुन्हा पडे. कंपनीने लाखो कॅसेटी तयार करून ठेवल्या होत्या. त्यांतील पुष्कळशा विकल्या गेल्या नाहीत आणि दुकानदारांनी त्या परत धाडल्या. एका खेळामुळे कंपनी बुडाली असे लोक म्हणत, ते मात्र खरे नव्हे. बाजारात अनेक कंपन्यांच्या बऱ्यावाईट खेळांचा नुसता पूर आला होता. १९८३ मध्ये हा सारा व्यवसायच कोसळला आणि त्याचा दोष मात्र ई. टी.च्या माथी बसला.

परत आलेल्या मालाचे करावयाचे काय? टेक्सास राज्यातील एल पासो येथे अटारीचे गोदाम होते. सप्टेंबर १९८३ मध्ये तेथून मालमोटारी भरून निघाल्या आणि अलामोगोर्डोच्या उकिरड्यावर रित्या झाल्या. ही वार्ता गावातील मुलांना लागली, तेव्हा ती कॅसेटी वेचावयास धावली. मग वर काँक्रीट ओतण्यात आले. वर्षे लोटली. ‘लाखो कॅसेटी वाळवंटात गाडल्या आहेत’ ही गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. वृत्तपत्रांत तेव्हा बातम्या आल्या होत्या; तरीही ही निव्वळ दंतकथा आहे, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते.

याच काळात जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात निराळेच काही घडत होते. कॅसेटींवर खेळणारी मुले मोठी झाली. लहानपणी माळ्यावर टाकलेली यंत्रे त्यांना आठवू लागली आणि जुन्या कॅसेटी शोधून जमवण्याचा छंद वाढीस लागला. छंद वाढला, तसा त्याचा व्यापारही वाढला. या व्यापारात कॅसेट नुसती जुनी असून भागत नाही. मुळात ती थोडी हवी. १९९० मध्ये निन्टेन्डो कंपनीने आपल्या खेळांची स्पर्धा अमेरिकेत भरवली होती. त्या स्पर्धेच्या करड्या रंगाच्या ९० आणि सोनेरी रंगाच्या केवळ २६ कॅसेटी निघाल्या. त्यांतील एखादी विक्रीस आली, म्हणजे संग्राहकांत खळबळ उडते. कधी वस्तू विपुल असते, परंतु तिची अवस्था दुर्मीळ असते. ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. मुलांनी त्या घरी नेताच फोडल्या, हे साहजिकच आहे. जिचे वेष्टनही कोणी उघडले नव्हते अशी एक सीलबंद प्रत जुलै २०२१ मध्ये लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना गेली. ज्या खेळण्याशी कोणी कधी खेळलेच नाही, त्याला सर्वांत मोठे मोल यावे, ही गंमतच म्हणावयाची.

जेथे पैसा आला, तेथे लबाडीही आली. जुन्या डबीत नवी चिप घालून आणि वर हुबेहूब चिठ्ठी चिकटवून बनावट कॅसेटी विकणारे निघाले. म्हणून जाणता ग्राहक केवळ बाहेरच्या चित्रावर विसंबत नाही. तो डबीचे स्क्रू काढून आतली पट्टी पाहतो. पट्टीवर छापलेली अक्षरे, चिपवरील खुणा आणि डाक जोडण्याची पद्धत तपासतो. काही कॅसेटींत एक छोटी बॅटरी असते. तिच्या बळावर खेळाडूची प्रगती लक्षात ठेवली जाते; ती संपली, की सारे पुसले जाते. सचोटीचा विक्रेता बॅटरी बदलली असल्यास ते आपण होऊन सांगतो. पट्टीच्या कडा तो कापसाच्या बोळ्याने आणि अल्कोहोलने पुसतो. मुले मात्र कॅसेट चालेनाशी झाली, की तिच्यात जोराने फुंकर मारीत. तोंडातल्या ओलाव्याने धातू गंजतो, हे त्यांना कोण सांगणार!

आता पुन्हा त्या वाळवंटाकडे वळू. गावच्या कचऱ्याच्या कामाची माहिती असलेल्या एका गृहस्थाने जुनी छायाचित्रे पडताळून खड्ड्याची जागा हुडकून काढली. एका चित्रपट कंपनीने खोदकामाचा खर्च केला आणि पुरातत्त्व जाणणारी मंडळीही मदतीस आली. सुमारे ३० फूट खोलीवर यंत्राच्या दातांत चेपलेली खोकी दिसू लागली. एका पेटीवर ई. टी.चे चित्र होते. दंतकथा खरी निघाली! त्या खड्ड्यात केवळ ई. टी.च नव्हता, जे खेळ भरपूर खपले होते, त्यांच्याही कॅसेटी सापडल्या. एका वाईट खेळाला लाजून कंपनीने तो लपवला, ही समजूत त्या दिवशी निकालात निघाली. कंपनीने आपले शिल्लक सामानच तेथे टाकले होते.

गर्दीत हॉवर्ड वॉरशॉ स्वतः उभा होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. खेळ रचण्याचे काम त्याने कधीच सोडले होते आणि तो मनोविकारांवर उपचार करू लागला होता. तीस वर्षे लोक त्याच्या खेळाला जगातला सर्वांत वाईट खेळ म्हणत आले होते. पाच आठवड्यांत केलेले ते काम पाहण्यासाठी वादळात ताटकळत उभ्या असलेल्या लोकांकडे बघून त्याचे डोळे पाणावले.

उकिरडा गावचा, म्हणून त्यात सापडलेला मालही गावचा. सुमारे १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या होत्या. त्यांतील काही संग्रहालयांना दिल्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतही ई. टी.ची एक प्रत जाऊन बसली. बाकीच्या विकावयाच्या ठरल्या. पण येथे एक अडचण होती. ई. टी.ची साधी कॅसेट जुन्या बाजारात अगदी थोड्या डॉलरांत मिळते, कारण तिच्या लाखो प्रती लोकांच्या घरांत पडून आहेत. उद्या कोणी असली एखादी कॅसेट मातीत लोळवून ‘ही त्या खड्ड्यातलीच’ असे म्हणू लागला, तर? म्हणून गावाने प्रत्येक कॅसेटीची नोंद केली, तिला क्रमांकाची खूणचिठ्ठी लावली आणि सोबत प्रमाणपत्र दिले. एरवी संग्राहक कॅसेट चकचकीत करून विकतात. या कॅसेटी मात्र कोणी धुतल्या नाहीत. चेपलेला कोपरा, लागलेली माती, इतकेच काय पण कचऱ्याचा दर्पदेखील तसाच ठेवण्यात आला. ग्राहकाला हवी होती ती तीच माती.

नोव्हेंबर २०१४ पासून विक्रीस आरंभ झाला. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून आणि परदेशांतूनही मागण्या आल्या. ८८१ कॅसेटी विकल्या गेल्या आणि १ लाख ७ हजारांहून अधिक डॉलर जमले. मूळ पेटीसह निघालेली ई. टी.ची एक प्रत १,५३५ डॉलरांना गेली. या रकमेतील मोठा वाटा गावाच्या तिजोरीत पडला आणि काही भाग तेथील इतिहास मंडळाला मिळाला. ज्या वस्तू टाकून देण्यासाठी १९८३ मध्ये मालमोटारी धावल्या होत्या, त्याच वस्तू आता खोक्यांत नीट बांधून टपालाने घरोघरी चालल्या होत्या.

अटारीच्या एका जुन्या व्यवस्थापकाने सांगितले, की तेथे एकूण ७ लाख २८ हजार कॅसेटी गाडल्या होत्या. त्यांतील बहुतेक साऱ्या अजूनही जमिनीखालीच आहेत. खोदकाम आटोपताच गावाने तो खड्डा पुन्हा बुजवून टाकला. त्या साऱ्याच वर आल्या, तर विकलेल्या ८८१ कॅसेटींना कोण विचारील, हे संग्राहकही ओळखून आहेत.