फवारणीनंतर लघवीचा नमुना : तपासणीपर्यंत तो कसा सांभाळावा?

२०१७ साली फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध किती जाते, हा प्रश्न विशेष चर्चेत आला. ते मोजण्याचा एक मार्ग म्हणजे लघवीची तपासणी. मातीचा नमुना चुकीचा घेतला तर अहवाल चुकतो, हे आपण जाणताच. लघवीचा नमुना त्याहून कितीतरी नाजूक असतो.

क्लोरपायरीफॉससारखे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक कातडीतून, श्वासातून वा तोंडावाटे शरीरात गेले की त्याचे विघटन होते व तयार झालेले पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. क्लोरपायरीफॉसची अशी खूण म्हणजे ट्रायक्लोरोपायरिडिनॉल. या गटातील बऱ्याच औषधांपासून डायअल्किल फॉस्फेटेही तयार होतात. ट्रायक्लोरोपायरिडिनॉलचे शरीरातील प्रमाण साधारण २७ तासांत निम्मे होते, म्हणून आठवड्यानंतर दिलेल्या नमुन्यात फारसे काही हाती लागत नाही. फवारणीपूर्वीचा एक, त्याच दिवशी संध्याकाळचा एक आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीचा एक, असे नमुने असल्यास तुलना करता येते.

नमुना बिघडतो कसा?

बाटली दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिली की जिवाणू वाढतात. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. उग्र वास येतो तो त्याचाच. लघवी अल्कधर्मी बनते. अल्कधर्मी पाण्यात कालवलेले औषध लवकर निकामी होते, तोच प्रकार येथे घडतो आणि लघवीत मूळ कीटकनाशकाचा अंश असल्यास तो फुटतो. डायअल्किल फॉस्फेटे त्या मानाने टिकाऊ आहेत.

खरी फसगत बहुधा क्रिएटिनिनमुळे होते. उन्हात काम करताना पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, जास्त प्यायले की पातळ. हा फरक काढण्यासाठी प्रयोगशाळा खुणेच्या पदार्थाला क्रिएटिनिनने भागते. समजा, लिटरमागे पदार्थ २० मायक्रोग्रॅम व क्रिएटिनिन १ ग्रॅम आहे. उत्तर २०. उष्णता व जिवाणूंमुळे क्रिएटिनिन ०.८ ग्रॅमवर आले, तर त्याच माणसाचे उत्तर २५ येते. अंगात औषध तेवढेच, अहवालात मात्र सव्वापट. बाटली तीन तास उन्हात होती, हे अहवालावरील आकडा सांगत नाही.

दुसरा धोका हातांचा. फवाऱ्याचा एखादा थेंब बाटलीत पडला तर तेथेही क्लोरपायरीफॉसपासून ट्रायक्लोरोपायरिडिनॉल तयार होऊ शकते. मग ते शरीरातून आले की बोटांवरून, हे ओळखणे कठीण. म्हणून साबणाने आंघोळ करून, कपडे बदलूनच नमुना द्यावा. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतलेली असली तरी यासाठी वापरू नये.

साठवण

प्रयोगशाळेने दिलेली, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. काचेची बाटली गोठवताना तडकते. प्लॅस्टिकचीही तीन चतुर्थांशच भरावी, कारण गोठताना द्रव फुगतो. नाव, तारीख, वेळ, फवारलेले औषध आणि नमुना बर्फात कधी ठेवला ते चिठ्ठीवर लिहावे. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून तो त्याच दिवशी पोहोचवावा. ते न जमल्यास एक रात्र ४ अंश सेल्सिअसला चालते, पुढे मात्र उणे २० अंशाला गोठवावा. वीज वारंवार जात असेल तर नमुना वितळतो, पुन्हा गोठतो आणि तळाशी गाळ बसतो. वरचेच पाणी तपासले तर निष्कर्ष चुकतो. त्यामुळे सुरुवातीलाच दोन-तीन लहान बाटल्यांत विभागून गोठवणे चांगले, आणि वितळल्यावर प्रत्येक बाटली नीट हलवून घ्यावी. टिकावा म्हणून आम्ल वा दुसरे रसायन आपल्या मनाने घालू नये.

ही तपासणी औषध अंगात किती गेले हे पाहण्यासाठी आहे, उपचार ठरवण्यासाठी नव्हे. फवारताना वा नंतर मळमळ, खूप घाम, लाळ गळणे, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे यांपैकी काही आढळल्यास नमुन्याच्या नादी लागू नये. रोग्याचे कपडे काढून अंग धुवावे व औषधाचे लेबल बरोबर घेऊन त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. तेथे डॉक्टर लक्षणे पाहूनच ॲट्रोपिन सुरू करतात आणि रक्तातील कोलिनएस्टरेज तपासतात.