बंदरपट्टीतून जंगलपट्टीकडे : दांडीहून सायकलवाटांची आखणी

पालघरकडची माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात. समुद्राकाठचे कोळीवाडे आणि वाड्या म्हणजे बंदरपट्टी. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला गेले की डोंगर, सूर्या नदी, धरणे आणि वारली पाडे यांची जंगलपट्टी. दांडी हे बंदरपट्टीतले मच्छीमारांचे गाव. इथून रोड सायकलवर निघणाऱ्याला सपाट किनारा, छोटी खिंड आणि जव्हारचे पठार अशा तीन चढत्या पायऱ्या मिळतात. त्या याच क्रमाने चढाव्यात. पुढील आखणी सहा ते आठ आठवड्यांची, आठवड्यातून दोन फेऱ्या धरून केली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी उत्तम काळ.

1. आधी वारा समजून घ्यावा. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात; जमीन तापली की दुपारी समुद्राकडून जोरदार खारे वारे सुरू होतात. दांडीहून पूर्वेला जाताना पहाटेचा वारा समोरून येतो, पण तो हलका असतो. परतायला दुपार झाली तर थकलेल्या पायांना खाऱ्या वाऱ्याशी झुंजावे लागते. म्हणून पूर्वेकडची फेरी उजाडताच सुरू करावी आणि अकराच्या आत घरी यावे. उशीर होणारच असेल, तर त्या दिवशी दक्षिणोत्तर रस्ता निवडावा. तिथे वारा बाजूने लागतो.

2. सायकल इथल्या रस्त्याला साजेशी करावी. शक्य असल्यास 28 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसवावेत. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते. तेवढी हवा भरू नये, थोडी कमी ठेवावी. खडबडीत डांबरावर पकड चांगली राहते. सोबत दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर आणि हातपंप असावा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट या गोष्टी दिवसाही सोडू नयेत.

3. पहिला टप्पा सपाटीचा ठेवावा. पहिले तीन आठवडे तारापूर आणि चिंचणीच्या दिशेने जावे आणि एकूण अंतर 40 किलोमीटरच्या आसपास ठेवावे. दांडी आणि तारापूर यांच्यामध्ये 1969 साली सुरू झालेल्या अणुऊर्जा केंद्राचा परिसर आहे. त्यामुळे किनाऱ्याने सरळ वाट काढू नये. आतल्या रस्त्याने वळसा घ्यावा आणि केंद्राच्या आसपास थांबून छायाचित्रे काढू नयेत. कोळीवाड्यांत रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घातलेली असते. तिथे वेग कमी करावा, घंटी वाजवावी आणि चाक मासळीपासून दूर ठेवावे. या टप्प्यात एकच सवय लावायची : पॅडल मिनिटाला 80 ते 90 वेळा फिरेल असा गिअर निवडणे. या गतीला केडन्स म्हणतात. जड गिअरवर हळूहळू पाय रेटल्याने गुडघे दुखतात. हलक्या गिअरवर झरझर फिरवल्याने ते टिकतात.

4. औद्योगिक पट्टा वेळ पाहून पार करावा. दांडीहून पूर्वेला किंवा उत्तरेला जाताना बोईसर-तारापूरचा कारखान्यांचा पट्टा लागतो. पाळी बदलण्याच्या वेळी बस, रिक्षा आणि दुचाक्यांची गर्दी होते. आपल्या रस्त्यावरच्या या वेळा एकदा उभे राहून टिपून घ्याव्यात. बोईसर ते चिल्हार फाटा हा रस्ता कारखान्यांना महामार्गाशी जोडतो आणि त्यावर टँकर व कंटेनर सतत धावतात. सरावासाठी तो टाळावा. पालघरला जाताना उमरोळीमार्गे जाणारा रस्ता धरावा. अवजड वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. चालकाला आरशात आपण दिसत नाही, आणि वाहन डावीकडे वळले तर सुटायला जागा उरत नाही.

5. दुसरा टप्पा वाघोबा खिंडीचा. चौथ्या आठवड्यापासून पालघर-मनोर रस्ता घ्यावा. हे अंतर एका बाजूने सुमारे 20 किलोमीटर आहे. काळदुर्गच्या पायथ्याला असलेल्या या खिंडीत वाघोबाचे देवस्थान आहे. चढ सुरू होण्यापूर्वीच पुढची लहान आणि मागची मोठी चकती लावावी; चढावर ताण देऊन गिअर बदलल्यास चेन निसटते. बसून चढावे, बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक लावावा, वळणात नाही. पहिल्या दोन फेऱ्या खिंडीतूनच माघारी वळण्याच्या असाव्यात. नंतर मासवणला सूर्या नदीपर्यंत आणि शेवटी मनोरपर्यंत जावे. खिंडीच्या आसपास जंगल आहे. अंधारात तिथून एकट्याने जाऊ नये.

6. मधला एक दिवस पाण्याकाठी घालवावा. पालघरजवळचे देवकोप किंवा केळवे रोडकडचे झांजरोळी धरण हे सैल पायांनी करण्याजोगे अंतर आहे. पाय मोकळे करणाऱ्या अशा फेरीला रिकव्हरी राइड म्हणतात. तिच्यात वेग मोजायचा नसतो. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण पाहायचे असेल, तर सायकल वाहनातून कासा गावापर्यंत न्यावी आणि तिथून चालवावी. मनोर ते चारोटी हा राष्ट्रीय महामार्ग 48 चा भाग सायकलसाठी फार धोक्याचा आहे. कोणत्याही धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये आणि जलाशयात उतरू नये.

7. तिसरा टप्पा जव्हारचा, तोही मुक्कामाचा. पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार हे अंतर सुमारे 70 किलोमीटर आहे आणि जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचावर आहे. मनोरला महामार्ग ओलांडताना सायकलवरून उतरावे. विक्रमगडला पोटभर नाश्ता करावा, कारण मोठे चढ त्यापुढेच आहेत. सायकल शक्य असल्यास आदल्या दिवशी पालघरला ठेवावी, म्हणजे दांडी ते पालघर हे अंतर वाचते. जव्हारला दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी जयविलास राजवाडा किंवा जयसागर धरणाकडे पायी फिरावे. दुसऱ्या दिवशी लवकर उतरावे. उतारच जास्त असला तरी हात आणि खांदे थकतात. दर अर्ध्या तासाने थांबावे आणि ब्रेकही तपासावेत.

8. पाणी आणि परतीची सोय आधी ठरवावी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरावे, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालावी. बंदरपट्टीत दर काही अंतरावर टपरी आहे, जंगलपट्टीत नाही. म्हणून दोन बाटल्या, चिक्की आणि केळी सोबत ठेवावीत. वाटेत मोबाइलचे नेटवर्क जाते, म्हणून मार्ग आणि परतण्याची वेळ घरी कागदावर लिहून द्यावी. सायकल बिघडली तर टेम्पो ठरवण्याइतके रोख पैसे जवळ असावेत.

9. परतल्यावर पाच मिनिटे सायकलला द्यावीत. खाऱ्या हवेत चेन आणि स्क्रू लवकर गंजतात. गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने सायकल पुसावी, कोरडी करावी आणि चेनवर थेंब थेंब तेल सोडून जादा तेल टिपून घ्यावे.

10. शेवटी वहीत चार ओळी लिहाव्यात : निघण्याची वेळ, वारा कधी फिरला, रस्ता कुठे उखडला आहे, पाणी कुठे मिळाले. दोन महिन्यांत या नोंदींतून आपला स्वतःचा नकाशा तयार होतो. गावातले एखादे मूल सायकल घेऊन सोबत यायला तयार झाले, की तो नकाशा त्याच्या हाती द्यावा आणि त्यालाही पहिली वाट चिंचणीचीच दाखवावी.