पीएसए दुसऱ्यांदा करताना: पैसे कुठे घालावेत, कुठे थांबावं

साठीनंतरच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, बहुतेकदा आपसूक येतं. पिरंगुट-भूगावला लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि वडिलांचा 5.2 हा आकडा ठळक छापलेला दिसतो. घरात लगेच बायॉप्सीची भाषा सुरू होते. तिथवर जाण्याआधी तीच तपासणी नीट तयारीने पुन्हा करा. पहिल्यांदा वाढलेलं पीएसए पुढच्या वेळी खाली आलेलं पुष्कळदा दिसतं.

आधी लघवी तपासा. साधी तपासणी 100 ते 200 रुपयांत होते, कल्चरला साधारण 400 ते 800 लागतात. जंतुसंसर्ग निघाला तर उपचार पूर्ण करून सहा ते आठ आठवडे थांबा. भातलावणीचे दिवस असतील तर लावणी उरकून गेलात तरी चालेल. संसर्ग नसताना नुसता आकडा उतरवायला अँटिबायोटिक घेऊ नका. लघवी तुंबून नळी घातली असेल तरीही पीएसए चढतं. रक्त देण्याआधी दोन दिवस शरीरसंबंध टाळा, ताम्हिणीपर्यंतची सायकलस्वारीही. उपाशीपोटी जायची मात्र गरज नाही.

साध्या पीएसएला खासगी लॅबमध्ये साधारण 500 ते 1000 रुपये पडतात. घरून रक्त नेण्याचे वेगळे. दर आधीच विचारून घ्या. पण सवलत दिसली म्हणून लॅब बदलू नका. यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो, मग वाढ शरीरातली की लॅबमधली हे कळत नाही.

आता वाचन. 4.8 चे 5.3 झाले तर ती वाढ धरू नका. पंधरा-वीस टक्के फरक निरोगी माणसातही पडतो. दोन-तीन रिपोर्ट तारखेसह एका कागदावर मांडा. आकडा दर वेळी चढतोय का, ते पाहायचं. 4 ते 10 च्या दरम्यान असेल तर डॉक्टर ‘फ्री पीएसए’ सांगू शकतात, त्याला हजार-दीड हजार धरा. फ्रीचं प्रमाण 25 टक्क्यांवर असेल तर धोका कमी, 10 च्या खाली असेल तर जास्त.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गोळीमुळे. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर चालू असेल तर पीएसए जवळपास निम्मं होतं. रिपोर्टवरचे 2.5 म्हणजे मग खरे 5. गोळीवर 1.2 पर्यंत उतरलेलं पीएसए पुन्हा 2.1 झालं, तर लॅब ते ‘नॉर्मल’ छापेल, पण यूरॉलॉजिस्टकडे जायलाच हवं. केस गळतीच्या गोळीतही फिनास्टेराइड असतं, तेही सांगा. गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.

दुसऱ्यांदाही आकडा वर राहिला तर बायॉप्सीआधी एमआरआयबद्दल विचारा. पुण्यात साधारण 7 ते 15 हजार लागतात. काही जणांची बायॉप्सी त्याने टळते. बायॉप्सीचा खर्च 12 ते 30 हजारांच्या घरात. त्यात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट धरलाय का, ते लेखी घ्या. पैशाची अडचण असेल तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ससूनला आधी चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार निदान झाल्यावरच्या उपचारांना मिळतो. 155388 वर फोन करून यादीतलं रुग्णालय विचारा.

सत्तरी ओलांडलेल्या, काहीच त्रास नसलेल्या माणसाने नुसती पाहणी म्हणून ही तपासणी करावी का, हे डॉक्टरांशी आधी बोला. लघवीतून रक्त, लघवी अडकणं, पाठीच्या हाडात न थांबणारं दुखणं किंवा 10 च्या वर आकडा असेल तर मात्र सहा आठवडे मोजत बसू नका, त्याच आठवड्यात यूरॉलॉजिस्टला दाखवा.