मुलांना घेऊन स्विस रेल्वेने

पालकहो, स्वित्झर्लंडचा रेल्वे पास घेतला की मनात हिशेब सुरू होतो. एवढे पैसे मोजलेत, मग एकही दिवस गाडीविना कसा घालवायचा? झुरिक, लुसर्न, इंटरलाकेन, झरमॅट, जिनिव्हा अशी यादी लांबत जाते. तिथल्या गाड्या इतक्या वक्तशीर की कागदावर हे सगळं जमतंही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचं काय? त्याला भूक लागते, झोप येते, एखाद्या झऱ्यापाशी तासभर दगड टाकत बसावंसं वाटतं. आखणी त्याच्यापासून सुरू करा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आठ दिवसांच्या पासात मुक्कामाची गावं दोनच ठेवा. आधी लुसर्न, मग इंटरलाकेन. दोन्हींमध्ये थेट गाडी आहे, जेमतेम दोन तासांची. बॅगा एकदाच हलवाव्या लागतात. शक्य असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. रात्री गरम वरणभात मिळाला की मुलं सकाळी वेगळीच दिसतात.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सुरुवातीला मुलं पहाटेच टक्क जागी होतात आणि संध्याकाळी ताटावर पेंगतात. म्हणून पहिल्या दोन संध्याकाळी काहीच ठरवू नका. सकाळ मात्र तुमची! लुसर्नहून बोटीने फिट्झनाऊला जा आणि तिथून दात्यांच्या रुळांवरून चढणाऱ्या गाडीने रिगी डोंगरावर. ही रेल्वे 1871 सालची, युरोपातली दात्यांच्या रुळांची पहिली डोंगरी रेल्वे. बोट आणि गाडी दोन्ही पासातच येतात.

बर्निना खिंडीतून जाणाऱ्या लाल गाडीचा मोह मला समजतो. पण लुसर्नहून कूर, तिथून चार तास तिरानो, आणि तेवढंच परत, म्हणजे दिवसाचे बारा तास बसून. लहान मुलांवर हे लादू नये.

पास घेताना फॅमिली कार्ड आठवणीने मागा. ते मोफत असतं आणि त्यावर सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईवडिलांपैकी एकासोबत फुकट प्रवास करतात. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर फिरणार असतील, तर मात्र ते चालत नाही. शिवाय एकाच गावी निवांत राहणार असाल, तर अर्ध्या दरात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड कधीकधी स्वस्त पडतं. दोन्हींची बेरीज करून बघा.

युंगफ्राऊयोखच्या उंच स्थानकापर्यंतचा प्रवास मात्र पासात पूर्ण येत नाही. वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत पास चालतो, पुढे सवलतीचं तिकीट काढावं लागतं आणि तेही महागच. वर उंची 3454 मीटर, हवा विरळ. त्यामुळे हे तिकीट घरून काढून ठेवू नका. त्या दिवशी सकाळी तिथल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर पाहा. ढग असतील तर सरळ थुनच्या सरोवरावर बोटीने फिरायला जा. तिथे पास चालतो.