परक्या हृदयातील मूक रोग

रुग्णालयात रक्त तपासल्यावर मिळणारा कागद आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात पांढऱ्या पेशींची संख्या व त्यांच्या निरनिराळ्या जातींचे शेकडा प्रमाण दिलेले असते. आपल्या ग्वाल्हेरीत घरोघरी असे कागद कपाटात पडून असतील! परंतु ज्याच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसविले आहे, त्याचे डॉक्टर हा कागद वर्षानुवर्षे बारकाईने वाचीत असतात. ते का, हे पाहू.

डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे पहिले मानवी हृदयरोपण केले. पुढल्याच फेब्रुवारीत मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. रोगी काही तासच जगला. आपल्या देशात यश यावयास १९९४ साल उजाडावे लागले.

बर्नार्ड यांचा दुसरा रोगी, दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग, एकोणीस महिने जगला. त्याला मिळालेले हृदय अवघ्या २४ वर्षांच्या तरुणाचे होते. तथापि मृत्यूनंतर पाहतात तो त्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या एखाद्या वृद्धाच्या असाव्यात तशा अरुंद झालेल्या!

याचे मूळ पेशींवरील खुणांत आहे. फ्रान्सचे डॉ. झाँ दोसे यांनी १९५८ साली पांढऱ्या पेशींवरील अशी पहिली खूण शोधून काढली. या खुणा माणसागणिक भिन्न असतात. लसिका पेशी नामक पांढऱ्या पेशी त्यांवरून आपले व परके ओळखतात आणि परक्या रोहिणीच्या अस्तरावर चाल करून जातात. औषधांनी हा हल्ला दबतो, पण पुरता विझत नाही. अस्तर दाह पावून हळूहळू जाड होते, तेही एखाद्या ठिकाणी नव्हे, तर रोहिणीच्या लांबीभर. म्हणून अडथळा ओलांडून नवी वाट काढण्याची नेहमीची शस्त्रक्रिया येथे बहुधा निरुपयोगी ठरते.

आणखी एक संकट आहे. रोपणाच्या वेळी हृदयाचे मज्जातंतू तोडावे लागतात. त्यामुळे रक्तपुरवठा घटला तरी छातीत कळ बहुधा येत नाही. रोग मुकाट्याने वाढतो.

म्हणूनच पांढऱ्या पेशींच्या परस्परप्रमाणावरून या रोगाची चाहूल लागते काय, हे संशोधक तपासीत आहेत. काम सोपे नाही. साधा संसर्गही हे प्रमाण बदलतो. इतकेच नव्हे, तर रोग्याला जगविणारी औषधेच काही पेशी घटवितात, काही वाढवितात. तेव्हा कागदावरील आकड्याने फार तर संशय यावा. निर्णयासाठी आजही नळी घालून, रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घ्यावे लागते.